मूळ हात

उंबरदऱ्याच्या शाळेत आठवी ‘ब’ची मुलं संगणक शिकली, त्याला एकूण चाळीस मिनिटं लागली. त्यातली दहा हजेरीत गेली आणि पाच, गेलेली वीज परत येण्यात.

मुलं रांगेनं प्रयोगशाळेत गेली, ब्यूटी पार्लरमध्ये केस वाळवायला असते तसली टोपी डोक्यावर घेऊन बसली, गुदगुल्या झाल्यासारखी हसली, आणि बाहेर आली ती सगळं येत असलेली. आदल्या दिवसापर्यंत ज्यांची मजल व्हिडिओ पाहण्यापलीकडे नव्हती, त्या पोरांनी दुपारच्या खिचडीच्या आत गावातले रखडलेले अर्ज भरून टाकले. उत्पन्नाचे दाखले, द्राक्षाचा विमा, शिष्यवृत्त्या, एका आजोबांचा हयातीचा दाखला. तो इतक्या झटपट निघाला की आजोबांना आपल्या हयातीबद्दल प्रथमच खात्री वाटली.

गावाला अभिमान वाटला. तसा तो वाटायला उंबरदऱ्याला फारशी संधी मिळालेली नव्हती. द्राक्षं काय, त्या तालुक्यात सगळीकडेच चांगली येतात.

या चमत्काराचं नाव सरावछाप. माणूस सायकल शिकतो तेव्हा आधी विचार करकरून पडतो आणि काही दिवसांनी विचार न करता चालवतो. मधल्या काळात त्याच्या मेंदूच्या मागच्या भागात पायवाटा पडलेल्या असतात. सराव म्हणजे त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा जाणं. पुण्याच्या डॉ. शाल्मली पेंढारकर यांनी शोधून काढलं की या पायवाटांचा नकाशा एका माणसाच्या डोक्यातून वाचता येतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात उमटवता येतो. अट एकच होती. दुसऱ्याचं वय बारा ते चौदा असायला हवं.

“बारा ते चौदाच का?” उद्घाटनाच्या सभेत पर्यवेक्षक बेंडकुळे सरांनी उभं राहून विचारलं होतं.

“तुमची द्राक्षाची बाग आहे ना, सर?” डॉक्टरांनी विचारलं.

“आहे. दीड एकर. थॉमसन.”

“ऑक्टोबरात काय करता?”

“गोडी छाटणी. नको त्या काड्या काढायच्या, घड धरतील त्या ठेवायच्या.”

“मेंदू या वयात तेच करतो. लहानपणी त्याला हजार वाटा फुटलेल्या असतात. वापरातल्या ठेवतो, बाकीच्या छाटून टाकतो. या दिवसांत आपण जी वाट ठळक करून देऊ, ती राहते. जन्मभर राहते.”

“आणि छाटलेली?”

“छाटलेली काडी तुम्ही परत चिकटवता का?”

सभा हसली. सरही हसले. विज्ञान आपल्या बागेपर्यंत चालत आलं याचं त्यांना बरं वाटलं.

ज्याच्या डोक्यातून नकाशा घेतात त्याला मूळ हात म्हणतात. उंबरदऱ्याचा मूळ हात कोण असावा, यावर शिक्षकांच्या खोलीत चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. शाळेत निरभवणे मॅडम नावाच्या संगणकाच्या शिक्षिका होत्या. त्या मुलांना छोटे प्रोग्रॅम लिहायला लावत आणि चुकलं की ‘कुठं चुकलं ते तूच शोध’ म्हणून पुढच्या बाकाकडे जात. पण योजनेच्या सरकारी पत्रकात ‘सर्वांत अनुभवी शिक्षक’ असे शब्द होते. मुख्याध्यापक मोगल सरांनी सेवाज्येष्ठता यादी मागवली. अनुभव म्हणजे सेवाज्येष्ठता, याबद्दल महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत दुमत व्हायचं नाही. मॅडम कंत्राटी असल्यामुळे त्यांचं नाव यादीच्या तळालाही नव्हतं. सगळ्यात वर होते सूर्यकांत बेंडकुळे, विषय भूगोल.

पुढे मुलं संगणक शिकूनच मोकळी झाल्यामुळे संगणकाच्या शिक्षिकेची गरज उरली नाही. मॅडमना सन्मानानं निरोप देण्यात आला. त्यांच्या निरोपाचा फोटो सरकारी पोर्टलवर मुलांनीच चढवला, तोही पहिल्या झटक्यात.

बेंडकुळे सरांच्या हाताला मात्र नावं ठेवायला जागा नव्हती. आख्खी नोकरी त्यांनी शाळेची माहिती ऑनलाइन भरण्यात घालवली होती आणि मधूनमधून भूगोल शिकवला होता. हजेरी, खिचडी, लावलेली झाडं, जगलेली झाडं. सर्व्हर केव्हा झोपतो आणि केव्हा जागा होतो ते त्यांना ठाऊक होतं. कुठल्या कोनातून फोटो काढला की अर्धी भिंत पूर्ण दिसते तेही ठाऊक होतं. ते दहाही बोटांनी, कीबोर्डकडे न पाहता लिहीत. जिन्यावरच्या पावलांवरून घरातला कोण येतोय ते कळतं, तसं पोर्टलला बोटांच्या लयीवरून कळायचं की लिहिणारा कोण. त्याला बोटचाल म्हणत. उंबरदऱ्याच्या शाळेचं खातं फक्त बेंडकुळे सरांच्या बोटचालीनं उघडायचं. सरावछापेनंतर ते आठवी ‘ब’तल्या कुणाच्याही बोटांनी उघडू लागलं. हा दोष आहे असं कुणाला वाटलं नाही. सोय आहे असंच वाटलं.

पोर्टलच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक रकाना असतो: अडचणी असल्यास. सर तिथं निरंक लिहीत. निरंक म्हणजे काही नाही. सरकारी मराठीतला हा सर्वांत शांत शब्द आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, डोंगरातल्या कोनपाड्याच्या शाळेत असताना, सरांनी त्या रकान्यात एकदा लिहिलं होतं: ‘मुलींच्या स्वच्छतागृहाचं छप्पर गळतं.’ त्यावर आधी गळतीचा फोटो मागवण्यात आला. मग गळत असतानाचा फोटो. मग गळती सरांच्या रुजू होण्यापूर्वीची की नंतरची, याचा खुलासा. शेवटी पंचायत समितीत सुनावणी झाली. छप्पर गळतच राहिलं. सर मात्र दुरुस्त झाले.

आठवी ‘ब’कडे संगणकाचं प्रात्यक्षिक म्हणून एक खरं काम दिलेलं होतं. प्रत्येकानं आठवड्यातून एकदा आपल्या वस्तीची पाण्याची टाकी पाहायची आणि पोर्टलवर नोंद करायची. टाकी धुणारी गाडी त्या नोंदीवरूनच निघे. तोंडी तक्रार आणि कागदी अर्ज सरकारनं कधीच बंद केले होते, कारण ते हरवत.

एके दिवशी मधल्या सुट्टीत आठवी ‘ब’तली कावेरी गांगुर्डे शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. सर डबा उघडत होते.

“सर, माझा हात ऐकत नाही.”

“दुखतो?”

“दुखत नाही. लिहीत नाही.”

“लिहीत नाही कसा? परवा तर मावशीचा विमा भरलास.”

“तो भरला. आमच्या टाकीच्या पाण्याला वास येतोय सर. काहीतरी मेल्यासारखा. तेवढं लिहायला बसले की हात निरंक लिहितो.”

“मग खोडायचं आणि पुन्हा लिहायचं. मी वर्गात काय सांगतो?”

“पुन्हा.”

“मग?”

“पुन्हा पण निरंकच येतं. मी मनात ‘वास’ म्हणते, बोटं निरंक करतात. आणि मी थांब म्हणायच्या आत पाठवून पण देतात.” तिनं बोटं मुठीत धरली. “माझा भाऊ दवाखान्यात आहे सर. सलाइन लावलंय. वस्तीतली आणखी पोरं पण आहेत तिथं.”

सरांनी डबा बंद केला. “चल. मी भरतो.”

ते संगणकापुढे बसले, चष्मा पुसला आणि मनाशी वाक्य जुळवलं: टाकीच्या पाण्याला दुर्गंधी येत आहे. वाक्य छान होतं. त्यांनी बोटं उचलली, बोटं खाली आली, आणि पडद्यावर निरंक उमटलं. खाली हिरव्या अक्षरांत ‘नोंद यशस्वी’.

“कीबोर्ड खराब झालाय,” सर म्हणाले.

“मला पण आधी तसंच वाटलं होतं,” कावेरी म्हणाली.

सरांनी पुन्हा प्रयत्न केला. मग एकेक अक्षर शोधत एका बोटानं लिहून पाहिलं, तर पोर्टलनं विचारलं, आपण कोण? मोगल सरांना बसवलं, तर त्यांचीही बोटचाल अनोळखी. खात्याला नवी बोटचाल जोडायची सोय होती. त्यासाठी विनंती करायची होती, आणि ती ‘अडचणी असल्यास’ या रकान्यात करायची होती.

संध्याकाळी सर कावेरीच्या आईला, हिराताईंना, बरोबर घेऊन ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकानं सगळं शांतपणे ऐकलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

“ही बघा सर, तुमच्याच शाळेची नोंद. निरंक. आज दुपारचीच. आणि एक नाही, बऱ्याच आहेत.”

“अहो, पण मी तोंडानं सांगतोय ना तुम्हाला!”

“तेच तर. हातानं एक आणि तोंडानं एक. मी वर काय दाखवू? तोंड?”

बाहेर आल्यावर हिराताई म्हणाल्या, “पोरगी हुशार झाली म्हणून मी गावात पेढे वाटले, सर. ती लिहायला बसली की लोकं बघायला यायची. मला काय माहीत, तो हात तिचा नाही म्हणून.”

सरांनी वस्तीत घरोघर फिरून पाणी उकळून प्यायला सांगितलं. मग पुण्याला फोन लावला.

डॉ. पेंढारकर दुसऱ्याच दिवशी आल्या. त्यांनी कावेरीला टोपी घालून बसवलं, मग सरांना बसवलं, आणि दोघांचे आलेख पडद्यावर शेजारी शेजारी मांडले. ते दोन आहेत हे सांगावं लागलं.

“यंत्र बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“बरोबर कसं?” सर चिडले. “मी मुलांना अर्ज भरायला शिकवा म्हटलं होतं. गप्प बसायला शिकवा असं म्हटलं नव्हतं.”

“सर, यंत्राला तुमचं कौशल्य कुठलं आणि भीती कुठली हे कळत नाही. त्याला सराव कळतो. ज्या वाटेनं जास्त ये-जा, ती वाट रुंद. तुमच्या हाताला सर्वांत जास्त सराव कशाचा आहे?”

“भूगोलाचा,” मोगल सर शाळेच्या वतीनं म्हणाले.

“निरंकचा,” कावेरी म्हणाली.

सरांनी डोक्यावरची टोपी काढून ठेवली.

“मग दुसऱ्या कुणाची छाप मारा वर,” सर म्हणाले. “निरभवणे मॅडमना बोलवा. मी स्वतः जातो त्यांच्याकडे.”

“दोन माणसांच्या वाटा एकमेकींना आडव्या गेल्या तर बोटं ‘क’ आणि ‘ख’च्या मध्येच थरथरत राहतील. मी उंदरांवर पाहिलंय ते. मुलांवर पाहायची इच्छा नाही. त्याच हाताची नवी छाप लागेल.” डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं. “तुम्हालाच शिकावं लागेल.”

“काय?”

“अडचण लिहायला. आणि खरी अडचण. लुटुपुटूची तक्रार लिहून उपयोग नाही, भीती तिथं नसते. फार तर मार्चपर्यंत वेळ आहे. नंतर छाटणी संपते. आणि एक लक्षात ठेवा सर, जे सर्वांत जास्त वेळा लिहाल, तेच सर्वांत ठळक उतरेल.”

मोगल सरांनी बेंडकुळे सरांना व्हरांड्यात नेलं. ते दुष्ट नव्हते; मुख्याध्यापक होते.

“सर, मार्चमध्ये शिक्षणाधिकारी साहेब येतायत. तुमचा सत्कार आहे. तुमचा हात राज्यभर बसवायचा विचार चाललाय, राज्यभर! आणि तुम्ही आत्ता तक्रारी लिहिणार? आपल्या शाळेच्या नावावर आजवर एक अडचण नाही.”

“नाही खरी.”

“तुमची दोन वर्षं राहिली. सुखानं घरी जा. एक टाकी आहे, आज ना उद्या कुणीतरी धुवेल.”

आपला हात राज्यभर, या कल्पनेनं सर गेले काही आठवडे तरंगत होते हे खरं होतं. त्यांनी आता राज्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला. भूगोलाचे शिक्षक असल्यामुळे तो त्यांना तपशीलवार दिसला. प्रत्येक वस्तीत एक टाकी होती.

“मोगल सर,” ते म्हणाले, “माझा तिसरा तास मोकळा असतो ना?”

तिसऱ्या तासाला सर संगणकापुढे बसले आणि त्यांच्या मागे, वर्गशिक्षकाची लाकडी पट्टी हातात घेऊन, कावेरी उभी राहिली. तिला तसं उभं राहायला सरांनीच सांगितलं होतं. पट्टी तिनं आपणहून उचलली.

“सोपं घेऊ या सर. खडू कमी आहेत. आहेत ना?”

“आहेत.”

“लिहा.”

निरंक.

पट्टी टेबलावर वाजली. “पुन्हा.”

निरंक.

“पुन्हा. सर, तुम्ही श्वास रोखताय. बोटं पडायच्या आधी तुम्ही श्वास रोखता. मी पण रोखते.”

सरांना आपण श्वास रोखतो हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी श्वास सोडला. सुट्टीची घंटा व्हायला आली तेव्हा पडद्यावर ‘खडू कमी आहेत’ असे तीन शब्द होते आणि सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. कावेरीनं पट्टी खाली ठेवली आणि ते ज्या सुरात वर्गात म्हणत त्याच सुरात म्हणाली, “शाब्बास. बस खाली.”

“मी बसलेलोच आहे.”

“सवयीनं म्हटलं. तुमच्या.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: कमी असलेल्या खडूंचा फोटो पाठवावा. सरांनी रिकाम्या खोक्याचा फोटो पाठवला. खोक्यात काही दिसत नसल्याचं कळवण्यात आलं. सरांनी लिहिलं, ‘तीच अडचण आहे.’ हे वाक्य पाठवून ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले, आज गोड काहीतरी कर.

आठवडाभरानं त्यांच्या हातून ‘टाकीच्या पाण्याला मेल्याचा वास येतो’ हे वाक्य गेलं. दुर्गंधी हा शब्द कावेरीनं काढायला लावला. त्याला वास येत नाही म्हणाली. दोन दिवसांत गाडी आली. टाकीत मेलेली कबुतरं निघाली. वस्तीतली पोरं दवाखान्यातून घरी आली, सगळीच्या सगळी, आणि कावेरीचा भाऊ आल्या आल्या सायकलवरून पडला. हिराताईंनी पुन्हा पेढे वाटले. या वेळी पहिला पेढा सरांच्या हातावर ठेवला, उजव्या.

सरांनी आयुष्यात बरेच सत्कार पाहिले होते. त्या पेढ्याइतका अभिमान त्यांना कशाचाच वाटला नाही. आणि इथेच त्यांचा हात जरा सैल सुटला.

खरं लिहिता यायला लागल्यावर त्यांना थांबवणं अवघड झालं. शाळेच्या अडचणी पंधरवड्यात संपल्या. मग एका तिसऱ्या तासाला त्यांनी कोनपाड्याचं पान उघडलं आणि लिहिलं: मुलींच्या स्वच्छतागृहाचं छप्पर गळतं. किती वर्षांनी! हात एकदाही अडखळला नाही. जणू इतकी वर्षं तो तेवढ्यासाठीच उचललेला राहिला होता.

उत्तर आलं: सदर शाळा बंद झाल्यामुळे अडचण उद्भवत नाही.

सरांनी पुन्हा लिहिलं.

“सर, तिथं आता कोणीच नाही ना?” कावेरीनं विचारलं.

“तेव्हा होत्या. पोरी पावसाळ्यात छत्री उघडून आत जायच्या. मी व्हरांड्यातून बघायचो. तुझ्याएवढ्या होत्या.”

सर रोज लिहीत राहिले. पोर्टल रोज परत पाठवत राहिलं. तिसरा तास सरांचा आवडता तास झाला. शिपायानं चहा आणला की तो म्हणायचा, छप्पर चाललंय वाटतं. आणि सर मान डोलवायचे. डॉक्टर पुण्याहून फोन करायच्या, “सराव कसा चाललाय?” सर सांगायचे, “एकदम मोकळा. श्वाससुद्धा रोखत नाही.” ते खरं होतं.

मार्चमध्ये आठवी ‘ब’ला दुसऱ्यांदा टोपी घालण्यात आली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतच समारंभ होता. शिक्षणाधिकारी साहेब आले, दीपप्रज्वलन झालं, मोगल सरांनी प्रास्ताविकात ‘मूळ हात’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी सरांच्या हाताकडे निरखून पाहिलं. मग डॉक्टर माइकपुढे आल्या.

“मुलांनो, तुमच्या समोर एक रकाना आहे. अडचणी असल्यास. तुमची स्वतःची कुठलीही अडचण लिहा. मोठी, छोटी, कशीही. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. हो ना, साहेब?”

साहेबांनी हसून मान हलवली.

मुलांनी बोटं उचलली. सर पहिल्या रांगेतून पाहत होते. कुणीही श्वास रोखला नाही. चाळीसेक कीबोर्डांवर बोटं एकाच वेळी पडली, एकाच वेळी उठली. खोलीत एकच आवाज झाला, एकाच माणसाचा असावा तसा. आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ओळीखाली ओळ येत गेली.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं छप्पर गळतं.
मुलींच्या स्वच्छतागृहाचं छप्पर गळतं.
मुलींच्या स्वच्छतागृहाचं छप्पर गळतं.

सरांचा ऊर भरून आला. तो का भरून आला हे कळायच्या आधी तो आला, हे इथं नोंदवलं पाहिजे. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात त्यांचं म्हणणं इतक्या स्पष्टपणे कुठल्याच वर्गानं परत म्हणून दाखवलं नव्हतं.

“काय शिस्त आहे!” साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. “काय एकजूट! दुरुस्ती मंजूर. आत्ता, इथेच मंजूर.”

शाळेच्या स्वच्छतागृहावर गेल्याच वर्षी नवा स्लॅब टाकला होता आणि तो कधीही गळला नव्हता. मोगल सरांनी हे सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. मुलं आपापल्या पडद्याकडे पाहत होती. मुलगेही.

कार्यक्रमानंतर, पाहुणे जेवायला गेल्यावर, डॉक्टर सरांजवळ आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर टाळ्यांचं काही नव्हतं.

“हे छप्पर किती वेळा लिहिलंत, सर?”

“रोज. खरंच होतं ते.”

“खरंच असणार. पण तुमचं.”

“परत एकदा छाप मारू. मी सराव करतो. वेगवेगळं लिहितो.”

“मी सकाळीच आलेख पाहिले. छाटणी संपली आहे. टोपीचा आता काही उपयोग नाही.”

सर प्रयोगशाळेत गेले. मुलं जेवायला गेली होती. कावेरी तेवढी आपल्या संगणकापुढे बसून होती.

“सर, मी खिचडीचं लिहिणार होते. डाळ पातळ असते म्हणून. ठरवून बसले होते.” तिनं हात पुढे करून उलटसुलट पाहिले. “आता आमची टाकी परत नासली तर?”

सर तिच्या पडद्यावरची ओळ वाचत राहिले.

“हात छप्परच लिहील ना सर? गाडी येईल. पत्रे घेऊन.”

“येईल.”

“तुमची अडचण लिहून झाली सर. चांगलं झालं. पण आमच्या आम्ही कशानं लिहायच्या?”

सरांनी खुर्ची ओढली आणि तिच्या मागे बसले. टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. टोपी यायच्या आधी ते असेच बसत, नकाशात नद्या भरणाऱ्या पोरांच्या मागे. तेव्हा एका नदीला आठवडा लागायचा आणि त्याबद्दल कुणी त्यांचा सत्कार केला नव्हता.

“डाळ पातळ असते,” ते म्हणाले. “लिही.”

मुलींच्या स्वच्छतागृहाचं छप्पर गळतं.

“पुन्हा.”

मुलींच्या स्वच्छतागृहाचं छप्पर गळतं.

“पुन्हा.”

जेवणाची पंगत उठली. बाहेर गाड्यांची दारं लागली, मोगल सरांचा आवाज फाटकापर्यंत गेला आणि परत आला. पट्टी वाजत राहिली. मग कधीतरी कावेरीची बोटं उचलली गेली, आणि पडलीच नाहीत. ती कीबोर्डच्या वर तशीच अधांतरी थांबली. पडदा कोरा राहिला. छप्पर आलं नाही, निरंकही आलं नाही.

“हात थांबले सर!” ती कुजबुजली. “मी थांबवले.”

सरांना तिचा इतका अभिमान वाटला की ते शाब्बास म्हणून तिच्या पाठीवर थाप द्यायला उजवा हात पुढे करायला गेले. हात पुढे आला नाही. तो त्यांच्या गुडघ्याच्या वर, बोटं अर्धवट वाकवून, अगदी तिच्यासारखाच अधांतरी थांबलेला होता. पट्टी केव्हाच खाली पडली होती. दोघं एकमेकांच्या हाताकडे पाहत राहिले. आधी कोण थांबलं, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.